तिच्या मापाची मूठ

माझी बायको रिव्हॉल्व्हर चालवते असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा काळजीनं बघतो. घाबरू नका हो! सिंगापूरमध्ये ते स्वतःचं असलं तरी घरी आणताच येत नाही, शूटिंग क्लबातच कुलपात असतं. ही दर शनिवारी जाते, नेम धरते, रिव्हॉल्व्हर परत देते आणि येताना तोआ पायोहच्या बाजारातून कोथिंबीर आणते.

हा नाद तिला लागला तेव्हा मी बोटीवर असायचो. घरात लहान मुलगी, ऑफिसात हिशेबांचा डोंगर, आणि नवरा कुठल्या समुद्रात ते देव जाणे. "त्या तासाभरात मला कुणी हाक मारत नाही," असं ती म्हणायची. पुढे मी बोट सोडून जुरोंग आयलंडवर नोकरी धरली, रोज कंपनीच्या बसनं घरी येऊ लागलो, तरी शनिवार तिचाच राहिला.

आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणते कशी, "बास झालं आता. महिनाअखेर देऊन टाकते ते रिव्हॉल्व्हर."

"का गं?"

"मूठ जाड आहे त्याची. हात भरून येतो. आमटी वाढू का?"

इतकी वर्षं जाड नव्हती ती आत्ताच कशी झाली, हे काही मला पटेना. चेहरा तर असा उतरलेला. पण मी पडलो इंजिनिअर. मूठ जाड आहे ना? मग बारीक करून घेऊ, त्यात काय एवढं!

शोधता शोधता इटलीतला एक कारागीर सापडला. अक्रोडाच्या लाकडातून एकेका माणसाच्या हाताबरहुकूम मूठ कोरून देतो. किंमत मी इथे सांगणार नाही, घरात अजून शांतता आहे. क्लबच्या अधिकाऱ्याला विचारून रीतसर परवानगीही काढली. अडलं ते मापापाशी, कारण मला हे तिच्या नकळत करायचं होतं. डोकं चालवलं, तिची बांगडी उचलली, व्हर्नियर कॅलिपरनं आतला व्यास मोजला आणि दिला पाठवून. काय खूश होतो मी स्वतःवर!

कारागिराचं उत्तर आलं: हे हात चेपून बांगडीतून आत सरकतो तेव्हाचं माप झालं, मला हात एखादी वस्तू धरतो तेव्हाचं हवंय. ओल्या मातीचा गोळा त्यांना घट्ट धरायला लावा आणि त्याचे फोटो पाठवा. मुलीला सांगितलं तर ती खो खो हसली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "जस्ट आस्क हर लाह, बाबा!"

मग काय, गेलो स्वयंपाकघरात. ही कणीक मळत होती. म्हटलं, "एक गोळा घे आणि रिव्हॉल्व्हर धरतेस तसा धर."

"काय खूळ शिरलंय डोक्यात?"

सगळं सांगून टाकलं. आधी चिडली. "कुणी सांगितले होते नसते उद्योग?" मग माझं तोंड बघून बहुधा दया आली. एक मोठा गोळा उचलला, डोळ्यांसमोर धरला, दाबला आणि ओट्यावर ठेवला.

मी फोटो काढायला वाकलो. चार बोटांचे ठसे चांगले खोल उमटले होते. अंगठ्याच्या जागी मात्र कणीक जवळजवळ तशीच.

"अंगठा लावलाच नाहीस. परत धर."

"लावला होता," ती म्हणाली. "तो दाबलाच जात नाही आता. बुडाशी सांधा गेलाय. कळ थेट कोपरापर्यंत येते."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. होईल तेवढं जपा म्हणाले."

आणि ही बाई मूठ जाड आहे म्हणून सांगत होती! मला राग आला, आणि लगेच आठवलं, त्याच अंगठ्यानं रोज पोळ्या लाटत होती आणि मी गरम गरम आणखी एक मागत होतो. तिचा पिठाचा हात तसाच धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी म्हणाली, "अहो, सोडा आता. कणीक वाळतेय."

त्या दिवसापासून कणीक मी मळतो. कारागिराला लिहिलं, मूठ बारीक नको. अंगठा न दाबता नुसता टेकवता येईल अशी करा, भार सगळा तळव्यावर आणि चार बोटांवर येऊ द्या.

मूठ आली, क्लबात बसवून झाली. त्या शनिवारी ती मला सोबत घेऊन गेली. "नाही जमलं तर एकटीनं परत यायला नको वाटतं," एवढंच बोलली. मी काचेमागे बसलो. कानांवर जाड हेडफोनसारखं काहीतरी चढवून ती पाठमोरी उभी होती. हात वर गेला, थांबला, आणि खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावलं. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि बार उडाला. मग थोडं थांबून दुसरा. मग एकामागून एक.

बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल.

"दुखलं?"

"दुखलं थोडं. पण धरता आलं हो." मग माझ्या शर्टाची कॉलर सारखी करत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या शनिवारी तुम्ही येऊ नका हं. मला एकटीला यायचंय."