फोनवर पाय दिसत नाहीत

सुमन गेली त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको दिल्लीत मयूर विहारच्या घरी, बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलत बसलो होतो. संदीप, आमचा मुलगा, रविवारी येतो म्हणाला होता. फोनवर. एक दाणा ताटात, एक तोंडात, अशी तिची रीत. मी म्हटलं, "पोराला काही उरू दे." तर म्हणते, "तुमच्यापुढे ताट ठेवलं तर सालंसुद्धा उरायची नाहीत." तेवढंच शेवटचं हसलो आम्ही.

मी फार शिकलेला नाही, सरकारी दफ्तरात शिपाई होतो. वाटतं ते लिहितो. मला त्या मोबाइलचा राग आहे. संदीप गुडगावला नव्या टॉवरमध्ये राहतो, रात्रभर परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलायची नोकरी करतो. आधी दर रविवारी यायचा, मटारची उसळ भांडं पुसून खायचा. मग यायला वेळ होईना, म्हणून आईला मोबाइल आणून दिला. झालं! मोबाइल घरात आला आणि पोरगं यायचं बंद झालं.

फोन वाजला की सुमन आधी घोटभर पाणी प्यायची, घसा साफ करायची, मग बोलायची, "मी एकदम ठणठणीत!" आणि पाय असे सुजलेले की चप्पल चढत नव्हती. मी ओरडायचो, "सांग की त्याला!" ती हातानंच मला गप्प करायची...

ती गेली तेव्हा संदीप रडत म्हणाला, "बाबा, आवाज तर चांगला होता हो तिचा." मी म्हटलं, "पाय नव्हते चांगले. पाय फोनवर बोलत नाहीत." नागपूरच्या नातेवाइकांनी तर फोनवरच रडून घेतलं. एकानंही येऊन खांद्यावर हात ठेवला नाही.

आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसासाठी करतात ते पुण्यानुमोदन झालं, संदीप निघाला. दारातून म्हणाला, "रोज फोन करीन, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल बंद करून तिच्या फोटोमागे ठेवला. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातले तिचे मटार डब्यात घेतले आणि बसनं गुडगाव गाठलं. गेटवर गार्ड म्हणतो, "अंकल, पहले ऊपर फोन करना पड़ेगा." म्हटलं, "कर. बोल, बाप नीचे खड़ा है."

संदीप झोपेतून उठून तसाच धावत आला, अनवाणी. "बाबा! अहो, फोन तरी करायचा ना!"

मी आधी त्याचे पाय बघितले.