रिकाम्या खुर्चीचं उड्डाण

कार्यालयात तिला नावाने कुणी हाक मारत नसे; सगळे 'नाहीबाई' म्हणत. पुन्हा पुन्हा वापरता येणारं अंतराळयान आपलं आपण धावपट्टीवर उतरावं, यासाठीची यंत्रणा तिच्या हाताखाली तयार झाली होती. न पटलेल्या गोष्टीला ती वरिष्ठांच्या तोंडावर नाही म्हणायची. पंचाईत एवढीच, की ते यान चालवायला निवडलेला वैमानिक तिचा नवरा होता.

प्रतिस्पर्धी देशाचं यान आधीच उडालं होतं. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. पण त्यांची मोठी इंजिनं यानाच्या शेपटीत, हिच्या देशाच्या यानाची त्याला वर नेणाऱ्या रॉकेटवर. त्यांचं यान टेकवायला माणूस लागे, यांचं माणसावाचून उतरणार होतं.

"त्यांनी पहिल्याच खेपेला माणसं पाठवली," प्रमुख बैठकीत म्हणाले. "आपण रिकामं पाठवलं तर हसं होईल."

"होऊ दे. पहिलं उड्डाण रिकामंच. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

"अहो, तुमच्याच नवऱ्याचं नाव होणार आहे!"

"कुणाचाही नवरा असता तरी हेच म्हणाले असते."

घरी नवऱ्याने ताट बाजूला सारलं. "इतकी वर्षं घाम गाळला मी. आणि तू माझ्या खुर्चीत संगणकाची पेटी बसवतेस?"

"पेटी फुटली तर दुसरी करीन. तू दुसरा कुठून आणू?"

तो न जेवताच उठला.

अखेर यान रिकामंच गेलं. परतताना नवरा लढाऊ विमान घेऊन त्याच्या सोबतीला होता. वारा आडवा, सोसाट्याचा. धावपट्टी समोर असताना यान अचानक भलतीकडेच वळलं. नियंत्रण कक्षात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता बोला!" प्रमुख ओरडले.

"वेग जास्त आहे, म्हणून लांबून वळसा घेतंय. थांबा."

यानाने वळसा पुरा केला आणि रेघ मारावी तसं धावपट्टीच्या मधोमध टेकलं. स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज आला, "मलाही इतकं सरळ जमलं नसतं."

पुढे सरकार बदललं, प्रकल्प गुंडाळला गेला. ते यान पुन्हा उडालं नाही. नवरा प्रवासी विमानं चालवून निवृत्त झाला.

एकदा भर पंगतीत नणंद म्हणाली, "वहिनी, तुझ्या हट्टापायी दादाचं अंतराळ हुकलं."

"हुकलं. मलाही त्याचं वाईट वाटतं. पण उद्या पुन्हा विचारलंत तरी रिकामंच पाठवीन."

नणंदेने भावाकडे पाहिलं. तो भाजी वाढून घेत होता.

"आणि मी पुन्हा भांडेन," तो म्हणाला.