शेतकऱ्याच्या मोबाइलवर हेलियम

रत्नमाला गोंडाणेच्या जिभेला अख्खं अड्याळ गाव वचकून असे. शाळेत असताना तिने गणिताच्या मास्तरांना भर वर्गात सांगितलं होतं, की गाइडात जे उदाहरण चुकलं आहे तेच तुम्ही फळ्यावरही चुकवलं आहे. मास्तरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. ती व्हरांड्यात उभी राहून खिडकीतून पुढच्या चुका सांगत राहिली. आई बायजाबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "हिले सासर भेटनच, पर त्या सासरले ही झेपली पाहिजे."

सासर भेटलं नाही आणि रत्नमालाने ते शोधलंही नाही. नागपूरला इंजिनिअरिंग केलं, सरकारी परीक्षा दिली आणि मुंबईच्या पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून लागली. गावात कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर बायजाबाई सांगायची, "लोकं म्हंतात आमी नवं काढलं. थे खरंच नवं हाय का जुनंच हाय, थे माही रत्ना पाहाते." याहून नेमकं उत्तर रत्नमालालाही देता आलं नसतं.

काम तिच्या स्वभावाला असं बसलं, की जणू सरकारने तिच्यासाठीच ते काढलं असावं. आपण जगावेगळं काहीतरी केलं आहे असं वाटणारी माणसं रोज तिच्या टेबलावर येत, कागदाच्या रूपाने. तिला त्यांचा सुरुवातीला अचंबा वाटे, पुढे कंटाळा येऊ लागला, आणि नंतर नंतर तर नुसती करमणूक होई. कॉलेजांकडून येणारे अर्ज ही त्यातली खास मेजवानी. एका यंत्रामागे डझनभर संशोधक, आणि त्यातल्या एकानेही ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नावाच्या आधी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे शब्द लावले की जुन्या मडक्याला नवी कल्हई झाली, अशी या मंडळींची समजूत. मडक्याला कल्हई लागत नाही, हेही त्यांना ठाऊक नसतं, असं ती म्हणे.

अशातच तिच्याकडे एमआरआय मशीनमधल्या चुंबकावर पाळत ठेवणाऱ्या उपकरणाचा अर्ज आला. या मशीनमध्ये एक अवाढव्य चुंबक असतो. तो चालू राहायचा तर त्याला कमालीचं थंड ठेवावं लागतं, म्हणून तो द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेला असतो. थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि कोणाच्या ध्यानात आलं नाही, तर हेलियम उकळतो, वाफ होऊन उडून जातो, आणि मशीन पांगळी होऊन बसते. म्हणून हेलियमची पातळी आणि दाब सारखा तपासत राहायचा आणि बिघाड दिसताच दूरच्या माणसाला कळवायचं, अशी उपकरणं निघाली. ती निघूनही बरीच वर्षं झाली.

हा अर्ज होता भंडारा जिल्ह्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजचा. पहिलं नाव विभागप्रमुख डॉ. प्रविण लांजेवार यांचं. त्यांच्यामागे संशोधकांची रांग, आणि त्या रांगेत संस्थेच्या सचिवांच्या सूनबाईही होत्या. रत्नमाला वाचत गेली तसतसं तिचं तोंड वाकडं होत गेलं. उपकरणाचा डबा पोलादी होता आणि तो चुंबकाच्या तोंडाशीच बसवायचा होता. असा डबा तिथे नेला तर बसवणाऱ्याच्या हातातून सुटून तो चुंबकावर जाऊन आदळेल, एवढी साधी गोष्ट. पुढे एका पानावर लिहिलं होतं, की हेलियमची पातळी खाली गेल्यास शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना जाईल व तो मोटर सुरू करील. आकृतीत चुंबकाच्या बाजूला चक्क एक विहीर होती.

दुसऱ्या कशाचा तरी मजकूर उचलून त्यात शब्द बदलले होते आणि बदलताना काही राहून गेले होते, हे उघड होतं. जेवणाच्या सुट्टीत रत्नमालाने ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. हसून हसून एकाच्या भाजीत पाणी सांडलं. मग तिने शांतपणे जुनी परदेशी पेटंटं शोधली, प्रत्येक मुद्द्यासमोर कोणतं जुनं काम उभं राहतं ते लिहिलं, डब्याचं आणि विहिरीचंही लिहिलं, आणि तिच्या आक्षेपांचा अहवाल वरिष्ठांच्या सहीने रवाना झाला. इतका काटेकोर अहवाल आपण वर्षभरात लिहिला नाही, असं तिला वाटलं.

त्याच कॉलेजात तिचा धाकटा भाऊ संघपाल तासिका तत्त्वावर शिकवत होता. संशोधकांत त्याचं नाव असतं तर नियमाप्रमाणे तिने अर्ज परत केला असता. नाव नव्हतं. तरीही वरिष्ठांच्या कानावर घालावं असं एकदा तिच्या मनात आलं होतं. पण असा घास कोण सोडतो?

जानेवारीत बायजाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून रत्नमाला सुट्टी काढून गावी आली. भंडाऱ्याहून पवनीच्या एसटीने अड्याळला उतरली तर समोरच भलामोठा फ्लेक्स. त्यावर हात बांधून उभे डॉ. लांजेवार, बाजूला एमआरआय मशीनचं चित्र, आणि खाली 'पेटंट प्राप्त केल्याबद्दल अड्याळच्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन'. लांजेवार इथलेच हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते लहानपणीच भंडाऱ्याला मामाकडे शिकायला गेले होते. प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या मैदानात त्यांचा सत्कार ठरला होता. अर्ज नुसता पेटंट कार्यालयाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला होता, त्याचं यांनी पेटंट करून टाकलं होतं. बारसं करायला निघाले, आणि पाळण्यात मूलच नाही.

दुसऱ्या दिवशी लांजेवार स्वतः घरी आले. आपला अर्ज हिच्याच टेबलावर आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि रत्नमालाने ते सांगितलं नाही. त्यांनी बायजाबाईच्या डोळ्याची चौकशी केली, चहा घेतला, आणि सत्काराला व्यासपीठावर बसण्याचं आमंत्रण दिलं.

"ताई, अड्याळचे दोनच माणसं पेटंटमधी. एक तुमी, एक मी."

रत्नमाला म्हणाली, "सर, अर्ज टाकला की आक्षेपांचं पत्र येते. थे आलं असन तुमाले. वाचलं का?"

"थे पेटंटचा एजंट पाहाते," लांजेवार म्हणाले. "आपलं काम संशोधनाचं."

हे ऐकून तिला चहाचा ठसका लागला. नियमात बसत नाही, मी येऊ शकत नाही, एवढंच सांगून तिने त्यांना वाटेला लावलं. जाताना ते बायजाबाईच्या पाया पडले, तेवढं मात्र त्यांनी मनापासून केलं.

संध्याकाळी संघपाल कॉलेजमधून आला. लांजेवार सरांनी त्याला वाटेतच गाठलं होतं. तो जेवायला बसला आणि भाताशी चाळा करत म्हणाला, की ताई, घडीभर बसून जा तिथं, जूनमध्ये माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरवर त्यांचीच सही असते. रत्नमालाला राहवलं नाही.

"तुह्या सरले विचार, हेलियम कमी झाल्यावर शेतकऱ्यानं मोटर कोन्ती सुरू कराची? सबमर्सिबल चालन का?"

संघपालचा हात ताटातच थांबला. हे तुला कसं कळलं, असं त्याने विचारलं. छापलेलं आहे, कोणीही वाचू शकतं, असं ती म्हणाली.

"थे मी टाइप केलं होतं, ताई."

मग त्याने सांगितलं. शिकत असताना त्याने करडी गावच्या मामाच्या धानाच्या बांधीसाठी, म्हणजे भातखाचरासाठी, एक उपकरण केलं होतं. विहिरीचं पाणी आणि मोटर यांवर लक्ष ठेवायचं आणि मामाच्या मोबाइलवर कळवायचं. एक हंगाम ते नीट चाललं. पुढे वानरांनी वायर तोडली आणि ते पडून राहिलं. त्याचा लेखी मजकूर सरांकडे होता. सरांनी तो परत दिला आणि सांगितलं, पाण्याच्या जागी हेलियम कर, विहिरीच्या जागी चुंबक कर, उद्या सकाळी पाहिजे. त्याने कॉम्प्युटरवर शब्द बदलले. काही सुटले. संशोधकांची नावं सरांनी नंतर भरली.

"अना तुह्यं नाव?" रत्नमालाने विचारलं.

"मी पर्मनंट नाई ना."

रत्नमालाने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो याच नजरेने रडायला लागायचा. नाव नाही, गाव नाही, वरून दुसऱ्याची लबाडी आपल्या हाताने टाइप करून द्यायची, आणि पुन्हा त्याच माणसाच्या सत्काराला बहिणीला बोलवायचं, असं ती बरंच बोलली. संघपालने सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून विचारलं, "थे वाचून तू हासली का?"

"हासली. सगळेच हासले."

तो ताट उचलून आत गेला. रत्नमालाला काहीतरी टोचलं, पण टोचणी सोसत बसण्यापेक्षा तिला रागावणं जास्त सोपं जाई. अर्जाचा मजकूर घरच्याच माणसाने लिहिला आहे हे कळल्यावर मुंबईला कळवून तो दुसऱ्याकडे सोपवायला हवा होता. सव्वीस तारखेनंतर पाहू, असं तिने ठरवलं. आणि सत्काराला जायचंही ठरवलं. संघपालसाठी जाते आहे, असं तिने आईला सांगितलं.

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसलेल्या बायजाबाईने विचारलं, "भावासाठी जाऊन राहिली का जिभेसाठी?"

झेंडावंदन झालं. पोरांची कवायत झाली. मग सत्काराला सुरुवात झाली. सूत्रसंचालकाने डॉ. लांजेवारांना 'चुंबकाचे जादूगार' म्हटलं. गटशिक्षण कार्यालयातल्या एका पाहुण्याने सांगितलं, की या शोधामुळे आता खेड्यातल्या गरिबालाही एमआरआय परवडेल. कसा, हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. संस्थेचे सचिव आणि त्यांच्या सूनबाई दोघेही व्यासपीठावर होते. सूनबाईंना हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तो, एवढं माहीत होतं, आणि त्या जमलेल्यांत तेवढं ज्ञान असलेल्या बहुधा त्या एकट्याच होत्या.

रत्नमालाला बोलायला उभं केलं. तिने माइक हातात घेतला. एकाही अर्जाचं नाव न घेता ती जे बोलली, त्यातला शब्द न् शब्द कायद्याला धरून होता.

"अर्ज प्रसिद्ध झाला म्हणजे पेटंट मिळालं, असं नाही. प्रसिद्ध सगळेच होतात. प्रसिद्ध करण्यामागं सरकारचा हेतू एवढाच असतो, की साऱ्या जगानं तो वाचावा आणि त्यात नवं काय आहे ते शोधावं. शोधून सापडलं तर पेटंट."

एवढं बोलून ती थांबली. आता मैदानात शांतता पसरेल, सचिव लांजेवारांकडे पाहतील, लांजेवारांचा चेहरा उतरेल, अशी तिची अटकळ होती. घडलं वेगळंच. सगळ्यांत आधी लांजेवारांनीच टाळ्या वाजवल्या. मग सचिवांनी वाजवल्या, मग पोरांनी, आणि पोरांना टाळ्यांचा चेव चढला की ती थांबत नाहीत. कोणीतरी तिच्याही खांद्यावर शाल टाकली. फोटोवाल्याने तिला लांजेवारांच्या शेजारी उभं केलं आणि हार दोघांच्या मध्ये धरायला लावला. संघपाल खाली खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत होता. तो तेवढा टाळ्या वाजवत नव्हता.

तिसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात बातमी आली. 'पेटंट अधिकाऱ्यांच्या हस्ते डॉ. लांजेवार यांचा गौरव.' खाली चौकटीत तिचं वाक्य होतं: 'हे संशोधन साऱ्या जगाने वाचावे.' रत्नमालाने पेपर दोनदा वाचला. आपल्या टोमण्याची धार कळायला समोरच्याला निदान काही कळावं लागतं, हे इतक्या वर्षांत तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

लांजेवार कृतज्ञ माणूस निघाले. त्यांनी बातमीचं कात्रण आभारपत्रासह थेट मुंबईच्या कार्यालयात पाठवून दिलं. रत्नमाला कामावर परतली तेव्हा वरिष्ठांच्या टेबलावर ते तिची वाट पाहत होतं. ज्याचा अर्ज आपण तपासतो आहोत त्याच्यासोबत हार धरून फोटो कशासाठी काढला, याचा लेखी खुलासा मागितला गेला. तो लिहायला तिला आठवडा लागला. भावाने केलेल्या टायपिंगचंही तिने त्यात लिहिलं, कारण तिला खोटं लिहिता येत नव्हतं. 'हेतू तसा नव्हता', 'गैरसमजातून घडले', अशी वाक्यं पुन्हा पुन्हा कागदावर येत होती. अर्जदारांच्या उत्तरांत असलीच वाक्यं वाचून ती आजवर नाक मुरडत आली होती. तिला ताकीद मिळाली, आणि त्या वर्षीची बढती हुकली. अर्ज दुसऱ्या परीक्षकाकडे गेला.

दुसऱ्या परीक्षकाला त्याचं काहीच करावं लागलं नाही. आक्षेपांना उत्तर द्यायची मुदत आली आणि गेली. कोणी उत्तर दिलं नाही, मुदतवाढ मागितली नाही. अर्ज सोडून दिल्यात जमा झाला. ज्या अहवालाचा रत्नमालाला एवढा अभिमान होता, तो एजंटाच्या ईमेलमध्ये न उघडताच पडून होता, हे तिला संघपालकडून कळलं. सहा महिन्यांत त्याने केलेला तो पहिलाच फोन.

"त्याईले पेटंट पाहिजेच नोयतं, ताई," तो म्हणाला. "प्रसिद्ध झाल्याचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. त्याच्यावर मूल्यांकनात कॉलेजचे गुन वाढले. लांजेवार सर प्राचार्य झाले."

"अना तू?"

"माही ऑर्डर निंगाली. पुढच्या मे परेंत."

तिच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. त्यातलं निम्मं तिने गिळलं. उरलेलं निम्मं गिळणं तिच्या हातात नव्हतं.

"बरं झालं. आता पुढचं कोन्तं टाइप करून राहिला?"

संघपालने खोटं सांगितलं नाही. "ड्रोनचं," तो म्हणाला. "धानावर फवारनी कराचं. या खेपेले सगळे शब्द पाहून-पाहून बदलवले. तुह्याकडं आलं तं..."

"आलं तं परत करीन," रत्नमाला म्हणाली. "हात बी लावनार नाई."

"तसंच कर," तो म्हणाला, आणि आईचा दुसरा डोळाही दिवाळीआधी दाखवायचा आहे, नागपूरला कोण नेणार, हे तो विचारू लागला.