रुमालाखाली धरलेला हात

आता हा सांगणार की स्वप्नात देव आला, उदबत्तीचा वास सुटला, असं वाटलं असंल तुम्हाला. तसलं काय न्हाई. माझ्याकडं देव आला तवा शेणाचा वास येत हुता. काष्टीचा बैलबाजार तो, दुसरं काय येनार?

तात्या म्हंजे माझे आजोबा. जन्मभर बैलांचा व्यापार केला. ते जेवून उठले की परत ताट मागायचे, चष्मा पिठाच्या डब्यात ठेवायचे, तर आमी म्हणायचो वय झालं. मी नकला करून घर हसवायचो. मग एक दिवस त्यांनी माझ्या आईला विचारलं, "बाई, तुमी कुन्या गावच्या?" घरातलं हसू तिथंच बंद झालं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे नुसतं वय न्हाई, अल्झायमर हाय, मेंदूचा आजार. गेलेलं परत आणता येत न्हाई, राहिलंय ते जपा. रोज चालवा, झोप, बीपी, शुगर सांभाळा, माणसांत ठेवा.

म्हणून मी त्यांना बाजाराला नेलं. तिथं चहाच्या गाड्यावर दोस्त भेटले, म्हणाले एका दलालाची नक्कल कर. मी केली. सगळे हसले, अन् मी वळून बघतो तर तात्या न्हाईत.

पलीकडं रस्ता, त्यावर उसाच्या ट्रॉल्या. ह्या माणसाला स्वतःचं नाव धड सांगता येत न्हाई, गाव कुठून सांगनार? मी दावणीमागून दावणी हुडकली, रस्त्यावर जाऊन आलो. हाका मारायला गेलो तर घशातून आवाजच फुटंना. एरवी माझ्या गळ्यात सगळ्या गावाचे आवाज, आन् त्या वक्ताला स्वतःचाबी न्हाई. एका खुट्याजवळ मटकन बसलो. म्हणलं, खंडोबा, माझी अक्कल संपली. आता तूच बघ.

डोळे पुसले, तर समोरच्या कडुनिंबाखाली दोघं बसलेले. मधी रुमाल, रुमालाखाली हात. व्यापारी बोटं दाबून भाव ठरवतात, तसा सौदा चाललेला. एक तात्या, दुसरे जाळीची टोपी घातलेले कुनी चाचा. आसपास बैल मातुर एकबी नव्हता.

चाचा हळूच म्हणाले, "मघापासून बैल विकत्यात. कुठंय इचारलं तर गप. माझी आई अशीच हुती रे, म्हणून वळखलं. सौदा ठरला की उठून जातील, म्हणून मी भाव जमूच देईना."

मी तात्यांपुढं बसलो. त्यांनी मला न्याहाळलं. "ह्यो कुनाचा?" त्या नजरेत मी कुठंच नव्हतो. चाचांनी आपला हात काढला, माझा रुमालाखाली सारला. तात्यांनी बोटं चाचपली अन् घट्ट धरली. तशीच धरून ते घरापर्यंत आले.

चाचांचं नाव विचारायचं राहिलं. पुढच्या बाजारी गेलो, भेटले न्हाईत. कुनी धाडलं त्यांना, ह्यावर मी वाद घालत न्हाई. रोज दिवा लावताना हात जोडतो, तेवढंच.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं तीबी हात जोडंल. ती तात्यांचे पाय धूत हुती. वर न बघता म्हणाली, "देवानं एकदा मानूस धाडलं. दर बाजारी धाडायला तो काय तुझ्या बापाचा गडी हाय? तात्यांच्या खिशात तुझा मोबाईल नंबर लिहून घातला हुतास का? न्हाई ना? मग आदी ते कर, आन् मग मला देव सांग."