पहिले थेंब मातीला
आज गोडाऊनच्या ऑफिसात पाहुण्याने सिगार पेटवली आणि त्या गोडसर धुराबरोबर मला आमचं वडपे गावातलं भाताचं शेत आठवलं. तेव्हा ते विकत मागायला आलेला व्यापारी सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली आणि सिगार घेऊन आला होता. कापणी झालेली, पलीकडे हायवेवर ट्रकांची घरघर, बाबा बांधाजवळ खाटेवर बसलेले. व्यापारी समजावत होता, "सिगार हलकीच घ्यायची. कडक घेतली तर व्हिस्कीची चव मरते." बाबांनी ग्लासात बोट बुडवलं आणि नेहमीसारखे पहिले थेंब मातीवर शिंपडले. "अहो, महाग आहे," तो हसला. बाबांनी सावकाश एक घोट घेतला, एक झुरका मारला. "जोडी चांगली हाय. एकानं दुसऱ्याला गिळलं न्हाय. आपण पण तसंच करू. गोडाऊन तुमचं, जमीन माझी. भाड्यानं घ्या." त्याने भाड्याने घेतली आणि तिथे हे गोडाऊन बांधलं. आजचा पाहुणा त्याचाच मुलगा. तशीच बाटली पुढे सरकवत म्हणाला, "ताई, भाड्याची मुदत संपली. आता जमीन विकूनच टाका." मी दारू पीत नाही. तरी ग्लास ओढला, बोट बुडवलं आणि दाराबाहेरच्या मातीवर थेंब शिंपडले. त्याच्या वडिलांनी त्या थेंबांचा अर्थ त्याला सांगून ठेवला असावा. त्याने भाड्याचा नवा करार बाहेर काढला.