वाळूच्या पोत्यांची पहिली फेरी

पत्र्याच्या कुंपणामागून नव्या रोलर कोस्टरचे लाल रूळ वर आले आहेत. समोरच्या टपरीवर आम्ही रोज तर्क लढवतो, गाडी किती वेळा उलटी होणार? काल रूळ जोडणाऱ्या शिंदेमामांनाच विचारलं.

"तीनदा," ते चहा फुंकत म्हणाले. "पण पहिल्या फेरीला माणसं नसतात. वाळूची पोती बसवून बघतात."

"आणि तुम्ही कधी बसणार?"

"आम्ही तोवर दुसऱ्या साइटवर. आजवर एकातही बसलो नाही, बाबा."

कामगारांच्या हक्कांची पत्रकं मी दारोदार वाटली आहेत. त्यांत पगार होता, विमा होता. आनंद मागायचा राहूनच गेला.

मामा सर्वांत उंच वळणाकडे बघत होते. "एखादं पोतं कमी पडलं," ते हळूच म्हणाले, "तर बोलावतील का रे?"