मधली मुकी पट्टी

"मिस्त्री, ह्ये काय केलंत तुमी!" रुकय्याबी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी पियानो ट्यूनर, तीस वर्षं हेच करतोय, पण त्यांच्या लेखी मी मिस्त्रीच.

केलं होतं एवढंच. पियानोची एक बंद पट्टी चालू केली होती.

श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत एडमंडसाहेब राहतात. इंग्रज, ऐंशीच्या पुढचे, कंपोझर. म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते सगळं कागदावर लिहून काढणारे. बायको गेल्यापासून घरात एकटे. रुकय्याबी स्वयंपाक करून दुपारी जातात, मग दुसऱ्या सकाळपर्यंत बोलायला माणूस नाही. नव्या रचनेचं रेकॉर्डिंग त्यांना संध्याकाळपर्यंत लंडनला पाठवायचं होतं, म्हणून मला अर्जंट बोलावलं. आदल्या दिवशीच आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून एसटी, असा येऊन पोचलो होतो.

सकाळी ट्यूनिंगला बसलो. साहेब बाहेर ओटीवर. मधली एक पट्टी दाबली तर आवाजच नाही. पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारांवर आपटते. तिची दांडी मोडली होती. सांगितलं होतं फक्त ट्यूनिंग, पण ट्यूनरला मुकी पट्टी बघवते होय! पिशवीत नवी दांडी होती, देऊन टाकली बसवून. म्हटलं, साहेब खूश होतील.

साहेब वाजवायला बसले. फार शांत रचना. एका ठिकाणी ती पट्टी आली, खणखणीत वाजली, आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. तेव्हाच रुकय्याबी धावत आल्या.

"अवो, ती पट्टी बाईंच्या हातून मोडली! दोगं शेजारी बसून वाजवायची. दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्याच न्हाय. साहेब कोनाला हात लावू देत न्हाय तिला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

साहेब इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर पाटकर, या रचनेत ती पट्टी अकरा वेळा येते. मी दाबतो, ती वाजत नाही. तेवढा वेळ माझी बायको शेजारी असते. आत्ता वाजली, आणि मी एकटाच बसलो होतो."

"सॉरी, सर. दोन मिनिटं द्या."

एकच स्क्रू असतो. काढला, हातोडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बायकोच्या चष्म्याच्या डबीत ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. मी ओटीवर जाऊन बसलो. माझी बायको जाऊनही चार वर्षं झाली. तिच्या खुर्चीवर मी पेपर ठेवतो.

रेकॉर्डिंग वेळेत गेलं. आठवड्याने साहेबांचा फोन. लंडनवाले म्हणत होते, पियानोची एक पट्टी बिघडलेली दिसते, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. साहेबांनी पियानो ठीक आहे म्हणून कळवलं, ते त्यांना पटेना. ट्यूनरचा रिपोर्ट हवा होता.

आता कुणी सांगितल्याशिवाय मी कुठल्याही मुक्या पट्टीला हात लावत नाही. आधी विचारतो, ही कोण वाजवायचं?

रिपोर्ट त्याच दिवशी पाठवला. सही-शिक्क्यानिशी लिहिलं, 'पियानो तपासला. सर्व पट्ट्या योग्य स्थितीत आहेत.' तीस वर्षांत मी खोटा रिपोर्ट दिलेला नाही. हाही नाही.